जॅझ गिटारचा नाद

जॅझ संगीतात विद्युत गिटारच्या ज्या गोल, भरीव, किंचित गडद आणि न फाटणाऱ्या आवाजाची परंपरा १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ झाली, त्या आवाजाला सामान्यतः जॅझ गिटारचा नाद असे म्हणतात. इंग्रजी भाषक वादक त्याला ‘वॉर्म’ आणि ‘क्लीन’ अशी दोन विशेषणे लावतात. पहिल्याचे शब्दशः भाषांतर ‘उबदार’ असे होते. परंतु मराठीत आवाजाला ऊब नसते, गोलाई असते. गायकाच्या आवाजात गोलाई आहे असे आपण म्हणतो, तोच अर्थ येथे अभिप्रेत आहे. दुसऱ्या विशेषणाचा अर्थ, विवर्धकावर म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवर ताण येऊन आवाज फाटू न देणे, एवढाच आहे.

हा नाद मिळवण्यासाठी कोरीव लाकडाची, मोठ्या पोकळ पेटीची महागडी गिटार अनिवार्य असते, असा समज नवशिक्या विद्यार्थ्यांमध्ये आढळतो. जॅझ गिटारचा इतिहास आणि ध्वनिशास्त्र या दोहोंकडे पाहिले असता तो समज फारसा टिकत नाही. हात, तारा, गिटारवरील टोनचे बटण आणि न फाटणारा विवर्धक या चार गोष्टींचा नादातील वाटा मोठा असतो आणि त्यांपैकी पहिली तीन अल्प खर्चात साधतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मोठ्या जॅझ वाद्यवृंदांत गिटारकडे प्रारंभी केवळ लय धरण्याचे काम होते. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांच्या गजरात तिचे एकल वादन ऐकू येणे शक्यच नव्हते. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ साली दाखल झालेले फ्रेडी ग्रीन यांनी तर पुढील अनेक दशके विवर्धकाविनाच लय धरली. १९३६ साली गिब्सन कंपनीने ‘ईएस-१५०’ ही विद्युत गिटार बाजारात आणली. ‘ईएस’ म्हणजे ‘इलेक्ट्रिक स्पॅनिश’. १५० हा आकडा विवर्धक व जोडतारेसह असलेल्या तिच्या सुमारे १५० डॉलर या किमतीवरून पडला. चार्ली क्रिश्चन हे १९३९ साली बेनी गुडमन यांच्या वाद्यसमूहात ही गिटार घेऊन आले आणि गिटार एकल वाद्य म्हणून सॅक्सोफोनच्या शेजारी उभी राहिली. १९४२ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. पण तेवढ्या अल्पकाळात त्यांनी पुढच्या पिढ्यांचा कान घडवला. त्यांच्या स्वरवाक्यांची तुलना आजही टेनर सॅक्सोफोनशी केली जाते.

त्या काळचे विवर्धक आणि ध्वनिक्षेपक उच्च वारंवारतेचे ध्वनी पुरेसे पोहोचवू शकत नसत. त्यामुळे आज जो गडद नाद अभिजात मानला जातो, तो काही अंशी त्या वेळच्या साधनांच्या उणिवेतून जन्मलेला आहे. काटकसरीने साहित्य जमवणाऱ्याने ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

१९४९ साली आलेली ‘ईएस-१७५’ हीसुद्धा मुळात स्वस्त पर्याय म्हणूनच निघाली होती आणि तिचाही आकडा तिच्या डॉलरमधील मूळ किमतीचाच आहे. गिब्सनच्या ‘एल-५’ या उंची गिटारचे पृष्ठफलक भरीव स्प्रूस लाकडातून कोरून काढलेले असे. ‘ईएस-१७५’चे मात्र थरांच्या दाबीव लाकडाचे, म्हणजे एका अर्थी प्लायवूडचेच, होते. असे फलक कमी थरथरते. त्यामुळे मोठ्या आवाजात गिटार विवर्धकाशी प्रतिध्वनित होऊन घोंघावण्याचा धोका घटतो. जिम हॉल यांनी हीच गिटार, तीही दुसऱ्या वादकाकडून जुनी विकत घेऊन, आयुष्यातील मोठा काळ वाजवली. स्वस्ताईसाठी केलेली तडजोड पुढे या नादाची ओळख ठरली.

भरीव लाकडाच्या गिटारीही या परंपरेला परक्या नाहीत. फेंडर कंपनीने १९५८ साली ‘जॅझमास्टर’ ही गिटार जॅझ वादकांसाठी म्हणून काढली. त्यांनी तिच्याकडे बहुतांशी पाठ फिरवली आणि ती कॅलिफोर्नियातील सर्फ संगीताच्या वादकांनी उचलली. तरीही जो पास यांचे ‘साउंड्स ऑफ सिनॅनन’ (१९६२) हे पहिले महत्त्वाचे ध्वनिमुद्रण याच गिटारवर झालेले आहे. व्यसनमुक्ती केंद्रात राहणाऱ्या पास यांच्याजवळ तेव्हा स्वतःची गिटार नव्हती. हाताशी होती ती त्यांनी वाजवली. कॅनडातील एड बिकर्ट आणि कॅलिफोर्नियातील टेड ग्रीन यांनी तर ‘टेलिकास्टर’ ही साधी, फळीसारखी सपाट गिटार स्वीकारली. बिकर्ट यांचे पॉल डेझमंड यांच्यासमवेतचे १९७० च्या दशकातील वादन किंवा ग्रीन यांचे ‘सोलो गिटार’ (१९७७) डोळे मिटून ऐकणाऱ्यास वाद्य पोकळ आहे की भरीव हे सांगणे कठीण जाते.

नादाचे स्वरूप

नेहमीच्या जुळणीत गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सुमारे ८२ हर्ट्झ आणि सर्वांत बारीक तार सुमारे ३३० हर्ट्झ वारंवारतेचा मूलस्वर देते. मूलस्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर निर्माण होतात. या उपस्वरांचे परस्परप्रमाण म्हणजेच नादगुण. जॅझ गिटारच्या नादात मूलस्वर आणि पहिले काही उपस्वर ठळक असतात. साधारण तीन हजार हर्ट्झच्या वरचे ध्वनी क्षीण असतात.

भारतीय श्रोत्यास हा फरक तंबोऱ्याच्या जवारीवरून चटकन कळतो. खुल्या जवारीत उपस्वरांची झळाळी असते. बंद जवारीत स्वर गोल व आटोपशीर लागतो. दोहोंची यंत्रणा वेगळी असली, तरी कानाला जाणवणाऱ्या परिणामाच्या दृष्टीने जॅझ गिटार बंद जवारीच्या बाजूला झुकते.

आवाज न फाटण्याचा आग्रह हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. विवर्धक फाटू लागला की एकाच वेळी वाजणाऱ्या प्रत्येक दोन स्वरांच्या वारंवारतांच्या बेरजा आणि वजाबाक्या नवे ध्वनी म्हणून उमटतात. रॉक संगीतात षड्ज-पंचमासारखी दोन स्वरांची जोडी वाजते तेव्हा हे नवे ध्वनी मूळ स्वरांशी जुळतात आणि आवाज अधिक भरदार वाटतो. जॅझमधील स्वरसंघात मात्र सप्तम, नवम, त्रयोदश अशा स्थानांचे चार-पाच निकटचे स्वर असतात. तेथे तेच बेसूर गढूळपण होते आणि स्वरसंघातील मधले स्वर ऐकूच येत नाहीत. हे मधले स्वर ऐकू येणे हेच जॅझमधील स्वरसंवादाचे मर्म असल्याने स्वच्छ नाद ही त्या संगीताची गरज ठरते.

तारा

नाद बदलण्याचा सर्वांत परिणामकारक आणि कमी खर्चाचा उपाय म्हणजे तारा बदलणे. बाजारातील बहुतेक विद्युत गिटारींना गोल वेढ्याच्या तारा लावलेल्या असतात, म्हणजे जाड तारेच्या गाभ्याभोवती गोल छेदाची बारीक तार गुंडाळलेली असते. तिचा पृष्ठभाग खरखरीत, आवाज झगझगीत आणि बोट सरकताना होणारी किरकिर स्पष्ट असते. फ्लॅटवाउंड तारांना मात्र चपट्या पट्टीचा वेढा असतो. त्या बोटाखाली काचेसारख्या गुळगुळीत लागतात, वरचे उपस्वर कमी देतात आणि किरकिर जवळजवळ करीत नाहीत. गोल वेढ्याच्या तारांच्या खाचांत मळ साचून त्या लवकर मंदावतात. फ्लॅटवाउंड तारांना तशा खाचा नसल्याने त्या दीर्घकाळ टिकतात. विकत घेताना अधिक किमतीचा वाटणारा जुडगा वर्षभराच्या हिशेबात म्हणूनच स्वस्त पडतो.

जाडीही तितकीच महत्त्वाची आहे. कारखान्यातून येणाऱ्या गिटारींची पहिली तार बहुधा ०.००९ किंवा ०.०१० इंच, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर जाडीची असते. जॅझ वादक साधारणपणे ०.०१२ इंच (सुमारे ०.३० मिमी) किंवा त्याहून जाड तारेपासून सुरू होणारा संच वापरतात. अशा संचात तिसरी तारही वेढ्याची असते. वेढा नसलेली जाड तिसरी तार स्वरसंघात इतर तारांपेक्षा मोठ्याने, धातूसारखी वाजते आणि वरच्या पडद्यांवर स्वराला पक्की राहत नाही. तेथे वेढ्याची तार घातल्याने होणारा फरक प्रथमदर्शनीच जाणवतो.

जाड तारा लावताना काही पथ्ये आहेत. खुंट्यांच्या बाजूच्या पट्टीतील खाचा बारीक तारांच्या मापाच्या असतात. त्या योग्य कानसीने रुंद कराव्या लागतात, अन्यथा तार अडकते व स्वरात राहत नाही. वाढलेल्या ताणामुळे गिटारची दांडी पुढे वाकते. आतील सळईने, जिला ट्रस रॉड म्हणतात, ती पूर्ववत करावी लागते, मात्र एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक पिळू नये. शेवटी घोडीवर प्रत्येक तारेची लांबी पुन्हा जुळवून बारावा पडदा मोकळ्या तारेच्या तंतोतंत दुप्पट वारंवारतेचा येतो की नाही हे तपासावे. ही सारी कामे अनुभवी कारागिराकडून करून घेतली तरी नव्या गिटारच्या तुलनेत खर्च अगदीच किरकोळ येतो.

हात आणि नखी

इंडियानापोलिसचे वेस माँटगोमेरी (१९२३–१९६८) नखीऐवजी उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मांसल भागाने तारा छेडत. रात्री उशिरा सराव करताना शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यांनी ही सवय लावून घेतली असे सांगितले जाते. अंगठा मऊ आणि रुंद असल्याने तारेला तीक्ष्ण कोपरा पडत नाही आणि वरचे उपस्वर जन्मतःच कमी राहतात. या उपायाला पैसे लागत नाहीत. लागतात ते महिने.

नखी वापरणाऱ्यांसाठी दीड ते तीन मिलिमीटर जाडीची, गोलसर काठाची नखी उपयुक्त ठरते. तीही नसेल तर नेहमीच्या नखीचे टोक न वापरता तिचा गोल खांदा वापरावा. छेडण्याची जागा याहूनही निर्णायक आहे. तार जेथे छेडली जाते तेथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो, तो उपस्वर उमटत नाही. तार बरोबर मध्यावर छेडली तर सर्व सम उपस्वर गळतात. घोडीजवळ छेडलेली तार म्हणून टणत्कारी वाजते आणि दांडीच्या शेवटाजवळ छेडलेली गोल वाजते. विद्यार्थ्याने एकच स्वर वाजवत हात घोडीपासून दांडीपर्यंत सावकाश सरकवून पाहावा. कोणतेही उपकरण देणार नाही इतके नादवैविध्य त्या वीतभर अंतरात मिळते.

डाव्या हाताचाही वाटा आहे. पहिल्या मोकळ्या तारेवरील स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या पडद्यावरही मिळतो. वारंवारता तीच, तरी तार जितकी जाड तितका स्वर भरीव लागतो. जॅझ वादक एकल वादनात मधल्या तारांवर रेंगाळतात, त्याचे हे एक कारण आहे.

पिकअप आणि टोनचे बटण

तारेच्या कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या चुंबक व वेटोळ्याच्या जोडणीस पिकअप म्हणतात. जॅझसाठी जवळजवळ नेहमीच दांडीकडील पिकअप वापरला जातो, कारण तेथे तारेची मूलस्वरातील हालचाल मोठी असते. एका वेटोळ्याचा पिकअप स्पष्ट आवाज देतो, परंतु घरातील वीजपुरवठ्याची गुणगुणही ओढून घेतो. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास उलट दिशेच्या दोन वेटोळ्यांचा हंबकर विकसित केला. त्यात ही गुणगुण परस्परविरोधाने नष्ट होते आणि आवाज काहीसा जाड होतो. ‘ईएस-१७५’वर तो १९५७ पासून बसू लागला. मात्र जिम हॉल यांचा नाद मुख्यतः एका वेटोळ्याच्या पिकअपवरचा आहे. तेव्हा हंबकर नाही म्हणून गिटार टाकाऊ ठरवण्याचे कारण नाही. पिकअप तारांच्या फार जवळ असल्यास चुंबक तारेला ओढतो आणि आघात कठोर होतो. दोन स्क्रू फिरवून तो थोडा खाली नेला की आवाज मोकळा होतो.

टोनचे बटण हा गिटारवरील सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणावा लागेल. त्याच्या आत एक बदलता रोध आणि एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, असतो. पिकअपचे वेटोळे आणि जोडतारेची धारकता यांच्यामुळे साधारण तीन हजार हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा निर्माण होतो. तीच गिटारची चमक. बटण कमी करत नेले की प्रथम हा उंचवटा सपाट होतो. जॅझचा नाद येथेच कोठेतरी, दहापैकी तीन ते सहा या आकड्यांच्या दरम्यान, सापडतो. बटण पूर्ण बंद केले की धारित्र थेट वेटोळ्याला जोडला जातो आणि नवा उंचवटा पाचशे हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ऐन स्वरांच्या पट्ट्यात, येतो. परिणामी आवाज गोल न होता नाकातून आल्यासारखा किंवा घोंगडी पांघरल्यासारखा होतो. जॅझ म्हणजे टोन बंद, हे ढोबळ सूत्र म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

हंबकरसोबत बहुधा ५०० किलोओहमचा रोध व ०.०२२ मायक्रोफॅरडचा धारित्र, तर एका वेटोळ्याच्या पिकअपसोबत २५० किलोओहम व ०.०४७ मायक्रोफॅरड अशी जोडी असते. स्वस्त गिटारमध्ये हा रोध खराब असल्यास बटण शेवटच्या किंचित भागातच काम करते; तो बदलण्याचा खर्च काहीशे रुपयांचाच आहे. आवाजाचे बटण सात-आठवर आणल्यानेही, विशेषतः लांब जोडतार असताना, उच्च ध्वनी थोडे गळतात. जोडतारेची धारकता दर मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड असते. अन्य शैलींत दोष मानली जाणारी लांब, साधी जोडतार येथे गुणच ठरते.

विवर्धक

विवर्धकाकडून मुख्य अपेक्षा एकच: हवी ती पातळी गाठेपर्यंत तो फाटू नये. येथे वॅटच्या आकड्यांनी भुलू नये. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणजे शंभर वॅटचा विवर्धक दहा वॅटच्या दुप्पटच मोठा भासतो. घरातील सरावाला दहा-वीस वॅट भरपूर होतात. ड्रमसोबत वाजवताना मात्र स्वच्छ नादासाठी बरीच अधिक शक्ती लागते.

काचनलिकांचे विवर्धक मोलाचे मानले जातात, तरी जॅझमध्ये ट्रान्झिस्टरच्या विवर्धकांनाही प्रतिष्ठा आहे. पॉलिटोन कंपनीचे आटोपशीर विवर्धक १९७० च्या दशकापासून जो पास यांच्यासारख्या वादकांनी वापरले आणि रोलंडच्या १९७५ सालच्या विवर्धकाच्या तर नावातच ‘जॅझ’ आहे. जुना, चालू स्थितीतील ट्रान्झिस्टर विवर्धक किंवा कीबोर्डसाठीचा विवर्धक स्वस्तात मिळतो आणि या कामी उत्तम ठरतो. नलिकांच्या छोट्या विवर्धकाचा लौकिक त्याच्या फाटण्यात असतो. त्यावर केलेला खर्च जॅझच्या विद्यार्थ्याला फारसा उपयोगी पडत नाही.

बटणांची जुळणी करताना खर्ज वाढवण्याचा मोह आवरावा. विवर्धकाची बहुतेक शक्ती खालच्या स्वरांत खर्च होते. खर्ज वाढवला की लहान विवर्धक लवकर फाटतो आणि बेस वाद्याशी गिटारची झटापट सुरू होते. फेंडर पद्धतीच्या विवर्धकांत मधला पट्टा रचनेमुळेच दबलेला असतो, म्हणून तेथे खर्ज व उच्च दोन्ही कमी करून मधला वाढवणे हितावह असते. ग्रँट ग्रीन यांचा दणकट, एकसुरी वाटावा इतका थेट नाद याच पद्धतीचा होता असे सांगितले जाते. प्रतिध्वनी चिमूटभर असावा.

विवर्धक घेणे शक्य नसल्यास संगणक व ध्वनिसंयोजकाच्या साहाय्याने श्रवणयंत्रावर सराव करता येतो. विवर्धकाचा भास देणाऱ्या विनामूल्य आज्ञावलीही उपलब्ध आहेत. गिटारचा ध्वनिक्षेपक पाच हजार हर्ट्झच्या वरचे ध्वनी स्वभावतःच गाळतो. थेट जोडणीत ही गाळणी नसते, म्हणून ध्वनिक्षेपकाचे अनुकरण चालू ठेवावे किंवा गाळणी लावावी. तसे न केल्यास चांगली गिटारही डब्यासारखी वाजते.

गिटारची निवड

पोकळ पेटीमुळे आघाताला लाकडी ‘ठक’ मिळतो आणि स्वर लवकर विरतो. हा तिचा खरा विशेष आहे. गोलाई मात्र केवळ पेटीतून येत नाही. एपिफोन किंवा आयबनीझच्या आर्टकोर मालिकेतील पोकळ गिटारी तुलनेने माफक किमतीच्या आहेत आणि स्क्वायरची टेलिकास्टर त्यांहूनही परवडणारी आहे. स्वरात राहणारी, पडदे समतल असलेली आणि दांडीकडे पिकअप असलेली कोणतीही गिटार प्रारंभासाठी पुरेशी होय. खर्चाचा क्रम तारा, जुळणी, विवर्धक आणि मग गिटार असा ठेवणे शहाणपणाचे; विद्यार्थी बहुधा नेमका उलट क्रम धरतात.

भारतातील स्थिती

मुंबईत १९३० च्या दशकापासून हॉटेलांतील वाद्यवृंदांमधून जॅझ रुजले आणि त्यात चर्चच्या संगीतशाळांत तयार झालेल्या गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा होता. मुंबईत जन्मलेले गोमंतकीय वंशाचे गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस लंडन गाठले. जो हॅरियट यांच्यासमवेतचे त्यांचे ‘हम दोनो’ (१९६९) हे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध आहे. कोलकात्याचे कार्लटन किटो (निधन २०१६) यांनी बीबॉप शैलीची गिटार अनेक दशके वाजवली आणि शिकवली.

भारतात काही व्यावहारिक बाबींकडे लक्ष द्यावे लागते. येथील वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे. अमेरिकेतून नातलगांनी आणलेला १२० व्होल्टचा विवर्धक थेट जोडल्यास जळतो. त्याच्या क्षमतेला पुरेसा रोहित्र मध्ये हवा. भूसंपर्कन नीट नसलेल्या घरांत एका वेटोळ्याचा पिकअप फार गुणगुणतो आणि तारांना हात लागताच झिणझिण्या येत असतील तर प्रथम तारतंत्रीस बोलवावे. तेथे प्रश्न नादाचा नसून जिवाचा असतो. कोकण व मुंबईच्या पावसाळ्यात साध्या तारा काही आठवड्यांत गंजू लागतात आणि भरीव कोरीव लाकूड फुगते. थरांचे लाकूड त्या मानाने स्थिर राहते. रोध, धारित्र व जोडतारेची टोके मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कोणत्याही मोठ्या शहरातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात सुटी मिळतात.